सँडग्रोपर म्हणजे माणूस की किडा?

प्रश्न पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून आला आहे. तिथले शेजारी मोठ्या अभिमानाने स्वतःला ‘सँडग्रोपर’ म्हणवतात, पण कोशात पाहिलं तर किडा निघतो. मग ही शिवी आहे का, आणि त्या किड्याला मराठीत रातकिडा म्हणावं का?

शिवी नाही. ‘सँड’ म्हणजे वाळू, ‘ग्रोप’ म्हणजे चाचपडणं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या माणसांचं हे टोपणनाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळलं. कूलगार्डीला १८९२मध्ये आणि कॅलगूर्लीला १८९३मध्ये सोनं सापडलं आणि पूर्वेकडून माणसांची रीघ लागली, तो हा काळ. त्या आलेल्यांना स्थानिक लोक ‘टदरसायडर’, म्हणजे पलीकडचे, म्हणत.

रातकिडा मात्र म्हणू नये. हा किडा दिसायला जमीन उकरणाऱ्या रातकिड्यासारखाच आहे: फावड्यासारखे रुंद पुढचे पाय, बारीक डोळे, लांबट गोल अंग. म्हणून पूर्वी अभ्यासकांनीही त्याला त्याच कुळात बसवलं होतं. पण त्याच्या मिशा आखूड आहेत आणि त्याचं खरं नातं नाकतोड्यांशी आहे. जमिनीत उकरत राहून दोघांचं रूप सारखं झालं, एवढंच. रातकिडा पंखावर पंख घासून किरकिरतो. याला पंखच नाहीत. मागचे पायही उडी मारण्याजोगे उरलेले नाहीत. पुढच्या पायांनी वाळू बाजूला सारत तो पृष्ठभागाच्या अगदी खालून सरकतो आणि वर फुगीर, वळणावळणाची रेघ उठते. पाऊस पडून गेल्यावर ओल्या वाळूच्या वाटेवर ती नीट दिसते. खाणं मुख्यतः वनस्पतींचं.

गंमत शास्त्रीय नावातही आहे. १९०६ साली कीटकशास्त्रज्ञ कर्बी यांनी या प्रजातीगटाला ‘सिलिंड्राकेटा’ म्हटलं आणि त्यावरून कुळाचं नाव ‘सिलिंड्राकेटिडी’ झालं. ‘अकेटा’ हा रातकिड्याचा शब्द, मूळ ग्रीक अर्थ ‘आवाज करणारा’. म्हणजे पंख नसलेल्या या प्राण्याच्या नावात गाणारा रातकिडा कायमचा बसला आहे! हे कुळ ऑस्ट्रेलियाबाहेर फक्त न्यू गिनी आणि अर्जेंटिनात आढळतं, त्यामुळे आपल्याकडे त्याला देशी नाव नाही यात नवल नाही.

मराठीत लिहिताना ‘सँडग्रोपर’ तसंच ठेवावं. शब्द घडवायचाच असेल, तर मला ‘वाळूनाकतोडा’ पटतो, कारण त्यात नातं बरोबर येतं. ‘पोखरकिडा’ नको, आपल्या शेतकऱ्याला ते ऐकून शेंग किंवा खोड पोखरणारी अळीच आठवेल.