वाचकांचे प्रश्न : सामन्याचे घड्याळ चुकले तर

प्रश्न : आमच्या तालुक्यातील आंतरशालेय बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात थ्रो-इन (रेषेबाहेरून चेंडू मैदानात टाकणे) झाल्यावरही टाइमकीपरने घड्याळ सुरू केले नाही. पंचांनी खेळ थांबवला आणि उरलेल्या ३८ सेकंदांतून ६ सेकंद वजा केले. खेळ पुढे गेल्यावर अशी चूक सुधारता येत नाही, अशी हरकत एका प्रशिक्षकांनी घेतली. बरोबर कोण?
– एक क्रीडाशिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : पंच बरोबर होते. प्रशिक्षकांनी सांगितलेली मर्यादा फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांत आहे. परंतु ती हक्काचा फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी विनाअडथळा फेक) न देणे, नसलेला देणे, तो भलत्याच खेळाडूकडून घेणे किंवा गुण चुकीने देणे अथवा रद्द करणे, एवढ्याच चुकांना लागू होते. घड्याळ चालवण्यातील चूक मुख्य पंचांनी गुणपत्रकावर स्वाक्षरी करेपर्यंत केव्हाही सुधारता येते.

हरकत घ्यायचीच होती, तर ती ६ हा आकडा कुठून आला यावर घ्यायला हवी होती. थ्रो-इनच्या चेंडूला मैदानातील खेळाडूचा स्पर्श होताच घड्याळ चालू व्हावे लागते. शॉट क्लॉक, म्हणजे संघाला बास्केटवर फेक करण्यासाठी मिळणारे २४ सेकंद मोजणारे घड्याळ, वेगळा माणूस चालवतो, त्यामुळे ते त्याच क्षणी २४ वरून सुरू झाले असेल आणि खेळ थांबला तेव्हा १८ दाखवत असेल, तर ६ सेकंद गेले हे पक्के ठरते. आपल्याकडे तालुक्याच्या मैदानांवर पुष्कळदा शॉट क्लॉकच नसते. अशा वेळी चेंडू ८ सेकंदांत पुढच्या अर्ध्या मैदानात नेण्याच्या नियमासाठी पंचांनी स्वतः केलेली मोजणी उपयोगी पडते. तीही नसेल, तर मुख्य पंचांनी सहकारी पंचांना आणि टेबलवरील मंडळींना विचारून निर्णय द्यावा. तो अंतिम असतो. मात्र कोणताही आधार नसताना केवळ अंदाजाने वेळ कापणे मला मुलांवर अन्याय करणारे वाटते, कारण येथे सेकंदाच्या अंशालाही किंमत आहे : थ्रो-इनच्या वेळी घड्याळात ०.३ सेकंद असतील तर चेंडू पकडून नेम साधता येतो, पण ०.२ किंवा ०.१ असतील तर चेंडू नुसता टोलवून किंवा थेट डंक करूनच, म्हणजे वरून रिंगमध्ये दाबूनच, बास्केट करता येते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात घड्याळ नीट लावलेले नसतानाच खेळ सुरू झाला, शेवटचे ३ सेकंद पुन्हा खेळवावे लागले, सोव्हिएत संघ ५१–५० असा जिंकला आणि अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदके आजवर स्वीकारलेली नाहीत.

प्रश्न : सामना चालू असताना वीज गेली आणि फलक विझला, तर उरलेली वेळ कशी ठरवावी? आणि संघाला ती मान्य नसेल तर?
– एक वाचक, परभणी

उत्तर : टाइमकीपरच्या हातात स्टॉपवॉच पहिल्यापासून चालू असावे; फलक विझल्यावर ते शोधण्यात अर्थ नाही. त्याशिवाय प्रत्येक शिट्टीला टाइमकीपरने उरलेली वेळ मोठ्याने सांगावी आणि शेजारी बसलेल्याने ती कागदावर टिपून ठेवावी, असा माझा आग्रह आहे. मग वीज कधीही गेली तरी शेवटचा खात्रीचा आकडा हाताशी राहतो आणि त्यानंतर गेलेली वेळ स्टॉपवॉचवरून काढता येते. पंचांनी वेळेची चूक सुधारलीच नाही असे संघाला वाटत असेल, तर फिबाच्या नियमांनुसार कर्णधाराने सामना संपल्यापासून १५ मिनिटांच्या आत मुख्य पंचांना तसे कळवावे आणि गुणपत्रकावर निषेधासाठी राखलेल्या जागी स्वाक्षरी करावी.