सर्टिफिकेट सगळ्यांना मिळालं, तरी एकाने फाईल उघडलीच

तुम्ही विचारलंय की साताऱ्याच्या एमआयडीसीत तुमच्या 60 जणांना ऑनलाइन सिक्युरिटी ट्रेनिंग दिलं, सगळे पास झाले, आणि आठवड्याभरात एकाने व्हॉट्सॲपवर आलेली, वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावाची एपीके फाईल (फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल) उघडली, मग पैसे वाया गेले का. माझं मत सांगतो, ऑनलाइन ट्रेनिंगचा उपयोग होतो, पण वर्षातून एकदा दिलं की झालं असं नसतं.

मी सांगलीत एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं कॉम्प्युटरचं सगळं बघतो. आमच्याकडे पण पहिल्या वर्षी दीड तासाचा इंग्रजी व्हिडिओ होता, लोकं तो एका खिडकीत चालू ठेवून दुसरीकडे टॅलीत एन्ट्र्या मारायची आणि शेवटच्या प्रश्नांची उत्तरं ग्रुपवर फिरायची. त्याच वर्षी फटका बसला. बॉक्स पुरवणाऱ्या पार्टीच्या नावाने मेल आला की आमचं खातं बदललंय, या बिलाचे पैसे नवीन खात्यावर टाका. खाली आधीच्या मेलची साखळीसुद्धा होती. अकाउंटच्या ताईंनी मेल मोबाईलवर बघितला, तिथं नुसतं नाव दिसतं, पूर्ण पत्ता बघायचा तर नावावर बोट दाबावं लागतं, आणि पत्त्यात एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी होते, छोट्या स्क्रीनवर हुबेहूब एमच वाटतो तो. 2 लाख 80 हजार गेले.

ताईंना संध्याकाळीच कळलं होतं, खऱ्या पार्टीचा पैशासाठी फोन आला तेव्हा. पण शेठ काय म्हणतील या भीतीने रात्रभर कुणाला बोलल्या नाहीत. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला दुसऱ्या दिवशी अकराला, तोवर पैसे पुढच्या खात्यांतून निघून गेलेले. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण चूक झाली तर पहिला फोन कुणाला करायचा हे त्या दीड तासात कुठंच सांगितलं नव्हतं.

मग आम्ही सगळंच बदललं. महिन्याला एक व्हिडिओ, सहा-सात मिनिटांचा, मराठीत, आणि ज्याच्या त्याच्या कामाचा. अकाउंटवाल्यांना खातं बदलल्याचा मेल, ड्रायव्हर आणि गेटवाल्यांना चलनाची एपीके. सरकारच्या इसिया (ISEA) या माहिती सुरक्षेच्या जागृती प्रकल्पाचं साहित्य फुकट मिळतं, रिझर्व्ह बँकेची 2022 ची 'बी अवेअर' पुस्तिका पण चांगली आहे, त्यातले प्रसंग उचलून आपल्या ऑफिसच्या भाषेत सांगायचे.

मधून मधून खोटा मेल पाठवून टेस्ट घ्या, त्यासाठीचं गोफिश सॉफ्टवेअर फुकट आहे. पण बोनसचं आमिष दाखवू नका. अमेरिकेत गोडॅडी या वेबसाइटची नावं विकणाऱ्या कंपनीने डिसेंबर 2020 ला आपल्याच लोकांना 650 डॉलर बोनसचा असा टेस्ट मेल पाठवला, लोकं इतकी चिडली की कंपनीला माफी मागावी लागली. आणि किती जणांनी लिंक दाबली त्यापेक्षा किती जणांनी कळवलं आणि किती मिनिटांत कळवलं ते लिहून ठेवा, मी तरी तोच आकडा मालकांना दाखवतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या आदेशानुसार सायबर हल्ल्याची खबर कंपनीने 6 तासांत द्यायची असते, माणूसच दोन दिवस गप्प बसला तर ती देणार कशी?

शिवाय खातं बदलल्याचा मेल आला तर वहीतल्या जुन्या नंबरवर फोन केल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, हा नियम मालकांनाही लागू पाहिजे.

तुमच्या त्या माणसाला नोटीस देऊ नका, कृपा करून. आधी त्याच्या फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून त्याच्या बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर लगेच 1930 लावा आणि मग फोन पूर्ण रिसेट करा, कारण अशा एपीके ओटीपीचे मेसेज पलीकडे पाठवतात. नंतर तो तयार असेल तर पुढच्या ट्रेनिंगमध्ये त्यालाच बोलू द्या. आमच्याकडे नवीन माणूस लागला की पहिल्याच आठवड्यात ताई त्याला शेजारी बसवून तो आर-एनवाला मेल मोबाईलवर उघडून दाखवतात.