एफएसटॅब फाइल डिलीट झाली, मशीन अजून चालू आहे, रीस्टार्ट करू का?

नका करू! तुम्ही लिहिलंय की फोंड्याच्या ऑफिसातला उबुंटूचा फाइल सर्व्हर आहे आणि साफसफाई करताना /इटीसी/एफएसटॅब उडाली, मग आधी यूपीएसची बॅटरी धड आहे का बघा, कारण पावसात आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही आणि मशीन बंद पडलं की काम उगाच वाढतं.

डेटाला काही झालेलं नाही. ती फाइल म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी, मशीन चालू होताना वाचतात, आत्ता सगळं जोडलेलंच आहे. त्यामुळे ते रिकव्हरी सॉफ्टवेअर वगैरेच्या नादी लागू नका, यादी परत लिहून काढायची एवढंच.

बहुतेक जण /प्रॉक/माउंट्स (आत्ता काय काय जोडलंय ते दाखवणारी फाइल) बघा म्हणून सांगतील, ते बरोबरच आहे, पण त्यात फालतू ओळींचा ढीग असतो. त्याहून बरं म्हणजे /रन/सिस्टमडी/जनरेटर हा फोल्डर, बूट होताना सिस्टमडी (मशीन चालू करून सगळं सांभाळणारा प्रोग्रॅम) एफएसटॅब वाचून प्रत्येक ओळीची एक छोटी फाइल तिथे बनवतो, उघडून बघा, व्हॉट, व्हेअर, टाइप, ऑप्शन्स सगळं लिहिलेलं सापडेल, स्वॅपचं (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) पण, आणि जी डिस्क आत्ता जोडलेली नाही तिचं सुद्धा. फक्त हा फोल्डर रॅममध्ये असतो, रीस्टार्ट केलं की गेला, आणि डीमन-रीलोड (सिस्टमडीला सेटिंग परत वाचायला लावणारी कमांड) चालवलं तरी नव्याने बनतो म्हणजे तुमच्या बाबतीत यादी नाहीच तर जुन्या फाइली गायब. अ‍ॅप्टने काही इन्स्टॉल केलं तर तो पण मागून रीलोड मारतो, म्हणून आत्ता अपडेट बिपडेट काही नको, पहिल्यांदा तो अख्खा फोल्डर होममध्ये कॉपी करा.

मग रूट (म्हणजे अॅडमिन) होऊन बीएलकेआयडी (डिस्कांची माहिती दाखवणारी कमांड) चालवा, यूयूआयडी (प्रत्येक पार्टिशनचा ओळख क्रमांक) कॉपी केलेल्या फाइलींशी जुळतात का बघा आणि नवी फाइल लिहा. एका ओळीत सहा रकाने, शेवटचा आकडा (बूट होताना डिस्क तपासायचा क्रम) रूट पार्टिशनला, म्हणजे / ला, 1, बाकीच्या एक्स्ट-4 वाल्यांना 2, स्वॅपला 0. बॅकअपची यूएसबी डिस्क यादीत असेल तर तिला नोफेल (डिस्क नसली तरी बूट पुढे जाऊ द्या असं सांगणारा ऑप्शन) लावाच, नाहीतर ती काढलेली असताना बूट दीड मिनिट वाट बघत बसतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जातो, आणि ऑफिसातले लोक तुम्हाला फोन करतात.

लिहून झालं की फाइंडएमएनटी --व्हेरिफाय, तो ओळीतली चूक दाखवतो, मग माउंट -ए (यादीतलं सगळं जोडून बघतो). दोघांनीही चूक दाखवली नाही तर ऑफिस सुटल्यावर रीस्टार्ट करा.

आणि हे वाचायच्या आधीच मशीन बंद झालं असेल तर बहुतेक चालू होईल पण रूट पार्टिशन रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल असं) राहील, कारण रूटचा पत्ता ग्रबकडे (बूट सुरू करून देणारा प्रोग्रॅम) असतो, एफएसटॅबवर अवलंबून नसतो. तेव्हा माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू / मारा आणि बीएलकेआयडी बघून फाइल लिहा, होमची वेगळी पार्टिशन असेल तर ती त्यात धरायला विसरू नका.