मँचेस्टरला हॉल, लंडनला स्टेडियम

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा मँचेस्टरला एम.एस्सी. करतो. २०२५च्या जूनमध्ये त्याने तिथल्या को-ऑप लाइव्ह या बंदिस्त हॉलमध्ये आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा कार्यक्रम पाहिला. सांगलीला इंजिनिअरिंगला असताना आम्ही होस्टेलवर याच बँडच्या कॅसेट झिजवल्या होत्या, त्यामुळे त्याच्यापेक्षा जास्त आनंद मलाच झाला. पण त्याचे मित्र म्हणतात, खरा मोठा बँड स्टेडियममध्ये वाजवतो, हे हॉलमध्ये आले म्हणजे आता उतरणीला लागले. सत्तरीला टेकलेली ही माणसं अजून स्टेडियम भरू शकतात का? आणि भारतात आली तर डी. वाय. पाटील भरेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भरू शकतात, आणि त्यांनी ते भरलंही. तुमच्या मुलाने मेडनला पाहिलं तो दिवस २२ जून, रविवार. पुढच्याच शनिवारी, २८ जूनला, हाच बँड लंडन स्टेडियममध्ये वाजवत होता. फुटबॉलच्या सामन्याला तिथे ६२,५०० माणसं बसतात. मँचेस्टरच्या आदल्या रात्री ते बर्मिंगहॅमच्या हॉलमध्ये होते आणि लंडननंतर ३० जूनला ग्लासगोच्या हॉलमध्ये. तेच सहा जण, स्टेजवर येणारा बँडचा तोच राक्षसी बाहुला एडी, तोच दौरा. दहा दिवसांत कुठलाही बँड उतरणीला लागून पुन्हा वर चढत नाही. बदललं ते फक्त शहर.

लंडनचं स्टेडियम का भरलं, ते समजून घेण्यासारखं आहे. बासवादक स्टीव्ह हॅरिस पूर्व लंडनमधल्या लेटनस्टोनचा. १९७५च्या नाताळात त्याने हा बँड उभा केला. पोरवयात त्याने वेस्ट हॅम क्लबकडे फुटबॉलचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि आजही तो त्या क्लबचा कट्टर पाठीराखा आहे. लंडन स्टेडियम हे आज त्याच वेस्ट हॅमचं मैदान. बँडची पन्नाशी, घरचं मैदान, शनिवारची संध्याकाळ आणि पहिल्या नऊ अल्बमांतलीच गाणी, म्हणजे १९८० ते १९९२ या काळातली, वाजवण्याचं जाहीर वचन. असा योग जुळला की लोक आपल्या गावचा कार्यक्रम सोडून रेल्वेने लंडन गाठतात. मँचेस्टरकरांनी स्टेडियम भरलं नसतं असं मी म्हणत नाही, पण तिथे हा योग नव्हता.

शिवाय स्टेडियम हे नुसतं मोठं सभागृह नसतं, तिथला सगळा हिशेबच वेगळा. उघड्या मैदानात स्टेजचा लोखंडी सांगाडा उभारायलाच काही दिवस जातात. म्हणून स्टेडियमचे दौरे करणारे बँड सांगाड्याचे दोन-तीन संच ठेवतात, म्हणजे एका गावात कार्यक्रम चालू असताना पुढच्या गावात उभारणी सुरू असते. हॉलमध्ये छत तयार असतं. सकाळी ट्रक आले, दिवसभरात दिवे आणि स्पीकर टांगले, रात्री उतरवले, दुसऱ्या दिवशी पुढचं गाव. २१ला बर्मिंगहॅम आणि २२ला मँचेस्टर हे जमलं ते हॉल होते म्हणून. मग पावसाची भीती, मैदानावरचं गवत झाकण्याचा खर्च, स्टेजच्या मागे जाणाऱ्या आणि विकताच न येणाऱ्या खुर्च्या. इतकं सगळं करून दोन तृतीयांश भरलेलं स्टेडियम मिळण्यापेक्षा खच्चून भरलेला हॉल आयोजकाला परवडतो. आणि ऐकणाऱ्यालाही, असं माझं ठाम मत आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून शंभर मीटर मागे उभं राहिलात तर ड्रमवर काठी पडलेली दिसते आणि ठोका मागाहून येतो. मधे स्पीकरचे मनोरे उभारून, त्यांचा आवाज मुद्दाम तितकाच उशिरा सोडून हे सावरतात, पण तीन गिटारींची वीण तिथे विस्कटते ती विस्कटतेच. तुमच्या मुलाने लंडनकरांपेक्षा चांगलं ऐकलं असणार, हे त्याच्या मित्रांना जरूर सांगा.

एकच नाटक मुंबईत हाउसफुल जातं आणि दुसऱ्या गावी अर्धं नाट्यगृह रिकामं राहतं, हे आपल्याला ठाऊक आहे. मेडनचं तसंच आहे, फक्त नकाशा मोठा. स्वीडन आणि दक्षिण अमेरिका हे त्यांचे गड. चिलीत १९९२ साली चर्चच्या दबावामुळे त्यांचा कार्यक्रम रद्द झाला होता. २०११मध्ये त्याच सान्तियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये पन्नास हजारांहून जास्त लोक होते आणि त्याच रात्रीचं ध्वनिमुद्रण अल्बम म्हणून निघालं. उलट अमेरिकेत २०२४च्या शरदातला दौरा मुख्यतः हॉलमध्ये झाला. एक हॉल दोन रात्री भरायचा की एक स्टेडियम एकदा, हाही शहराशहराचा निर्णय. पन्नाशीच्या दौऱ्याचा नारळ बुडापेस्टला फुटला तो हॉलमध्येच, लागोपाठ दोन रात्री. २०२५च्या टप्प्याचा शेवट मात्र २ ऑगस्टला वॉर्साच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये.

आता 'उतरण' या शब्दाबद्दल. मेडनने खरी उतरण पाहिली आहे, तेव्हा ते चाळिशीतसुद्धा नीट पोचले नव्हते. १९८५च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा हॉल त्यांनी लागोपाठ चार रात्री गाजवला. १९९३ला गायक ब्रूस डिकिन्सन बँड सोडून गेला आणि पुढची काही वर्षं त्याच अमेरिकेत ते क्लबांमधून वाजवत होते. १९९९ला डिकिन्सन आणि गिटारवादक एड्रियन स्मिथ परतले आणि २००१च्या जानेवारीत रिओत त्यांच्यासमोर अफाट जनसागर होता. वय वाढलं, गर्दीही वाढली. या बँडला रेडिओने किंवा टीव्हीने कधी फारसं डोक्यावर घेतलं नाही. गर्दी त्यांनी गावोगाव वाजवून जमवली, आणि अशी गर्दी आपल्या मुलांना सोबत घेऊन परत येते. तुमच्याच घरात हे घडलंय. स्टेडियम भरायला दोन पिढ्या लागतात. एका पिढीवर हॉल भरतो.

मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडची गोष्ट वेगळी आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये त्यांनी स्टेडियमचा दौरा सुरू केला. त्यांनी स्टेज मैदानाच्या मध्यभागी गोलाकार आणलं, त्यामुळे चारी बाजूंच्या खुर्च्या विकता येतात. बहुतेक शहरांत दोन रात्री, आणि दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचं एकही गाणं नाही. चाहते दोन्ही रात्रींची तिकिटं घेतात. मला ही कल्पना फार आवडते, कारण ती ऐकणाऱ्याचा मान राखते.

आणि भारत. २००७च्या मार्चमध्ये मेडन बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर आलं. १ फेब्रुवारी २००८ला त्यांनी जगाच्या दौऱ्याची सुरुवातच मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर केली. डिकिन्सन स्वतः वैमानिक, बँडचं बोइंग ७५७ तोच चालवत होता. त्या रात्री मी तिथे होते. शेजारी उभे असलेले दोघे शिलाँगहून दोन गाड्या बदलून आले होते आणि त्यांना प्रत्येक गाण्याचा शब्द न् शब्द पाठ होता. भारतातला मेटलचा श्रोता असा आहे. पक्का आहे, पण देशभर विखुरलेला. नेरूळच्या डी. वाय. पाटीलला २०२५च्या जानेवारीत कोल्डप्लेने तीन रात्री भरल्या, पण तिथे अख्खी कुटुंबं आली होती. मेडनच्या एका रात्रीला ते स्टेडियम काठोकाठ भरेल असं मला वाटत नाही. वीस-पंचवीस हजारांचं मैदान मात्र नक्की भरेल, आणि त्यात पिढ्याही दोन असतील.

आपली खरी अडचण पुढची आहे. मँचेस्टरच्या त्या हॉलमध्ये २३,५०० माणसं मावतात. मुंबईत गाण्यासाठी बांधलेला त्याच्या जवळपास जाणारा बंदिस्त हॉल नाही. वरळीच्या डोममध्ये काही हजार माणसं, त्यानंतर थेट रेसकोर्स नाहीतर क्रिकेटचं स्टेडियम. मधली पायरीच गायब. २०२५च्या मेमध्ये गन्स अँड रोझेस आले तेही महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, उघड्यावर. पंधरा-वीस हजारांचा एक चांगला हॉल मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात उभा राहिला, तर असे बँड पावसाळ्यातसुद्धा येतील. त्या हॉलची मी मनापासून वाट बघते आहे.

प्रश्न : मेडनचे ड्रमर निको मॅकब्रेन आता नाहीत म्हणे. मग तो तोच बँड राहतो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : निको बँडच्या कुटुंबात आहेत, फक्त दौऱ्यांवर जात नाहीत. २०२३च्या जानेवारीत त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. तरीही ते जवळजवळ दोन वर्षं वाजवत राहिले आणि ७ डिसेंबर २०२४ला साओ पाउलोच्या भरल्या स्टेडियममध्ये त्यांनी निरोप घेतला. आता सायमन डॉसन वाजवतात, ठोका सरळ आणि भक्कम ठेवतात. निकोंचा झुलता हात मला जाणवण्याइतका आठवतो. पण हॅरिसचा बास आणि डिकिन्सनचा आवाज आहे तोवर माझ्यासाठी हा तोच बँड आहे.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलीला अशा कार्यक्रमाला नेऊ का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : न्या, पण आधी तिकिटावरची वयाची अट वाचा. उभं राहण्याच्या भागाचं तिकीट घेऊ नका, खुर्चीचं घ्या, आणि स्पीकरच्या रांगेसमोरची खुर्ची टाळा. मुलांसाठी हेडफोनसारखे दिसणारे, आवाज अडवणारे कानझाकणे मिळतात, ते पहिल्या बँडपासून शेवटपर्यंत तिच्या कानांवर राहू द्या. मेडिकलच्या दुकानातले फोमचे बोळे तिच्या कानात नीट बसत नाहीत. ते तुम्ही स्वतः घाला.