भल्यासाठीच ठरवलं, तरी अण्णा गप्प का?

“वडिलांच्या भल्यासाठीच सगळं केलं, तरी ते घरात कुणाशी बोलत नाहीत.” समुपदेशनाच्या कामात ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

दिंडोरीकडचं द्राक्षबागायतदार कुटुंब. आई गेल्यावर दोघा भावांनी बाग वाट्याने दिली आणि अण्णांना नाशिकला गंगापूर रोडच्या फ्लॅटवर आणलं. सोय चोख. थोरला म्हणाला, “मॅडम, आपल्याकडे कर्ता ठरवतो, बाकीचे ऐकतात. विचारत बसायची पद्धत तिकडे परदेशात.”

हा समज मला फार घातक वाटतो. चिरकोव्ह, रायन या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली दक्षिण कोरिया, रशिया, तुर्कस्तान आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. घरच्यांच्या मताने चालणारे असोत की स्वतंत्र बाण्याचे, आपण वागतो ते आपल्याला मनापासून पटलंय असं वाटणारे चारही देशांत जास्त समाधानी होते. एकट्याने ठरवायलाच हवं, असं मुळीच नाही. आयंगार आणि लेपर यांच्या 1999 च्या प्रयोगात तर आशियाई वंशाची अमेरिकी मुलं आईने निवडलंय असं सांगितलेल्या कामात जास्त रमली.

मग अण्णांचं कुठे दुखलं? एकटे बसले तेव्हा बराच वेळ टोपीची घडी घालत, मोडत राहिले. “ऑक्टोबर छाटणी कधी धरली, हे मला वाटेकऱ्याच्या फोनवरून कळलं. बाग मी लावलीय, ताई.” फ्लॅटबद्दल त्यांची तक्रारच नव्हती.

“आता ठरून गेलं, विचारून काय उपयोग?” धाकट्याने विचारलं. उपयोग आहे. लिंड, कॅनफर आणि अर्ली यांच्या 1990 च्या प्रयोगात निर्णयानंतर का होईना, मत मांडू दिलेल्यांना तो काहीच न बोलू दिलेल्यांपेक्षा जास्त न्याय्य वाटला. आधी विचारलेल्यांना अर्थात सर्वांत जास्त. फक्त विचारताना काही बदलायची तयारी हवी. विचारल्यासारखं करणं म्हाताऱ्या माणसाला लगेच कळतं.

तिघे माझ्यासमोर बसले. बाग वाट्यानेच राहू द्या, पण छाटणीला आणि काढणीला मी तिकडे मुक्कामी जाणार, असं अण्णांनी बजावलं. धाकट्याने बीपीचा मुद्दा काढला. आवाज चढले, आणि मी मध्ये पडले नाही. इतक्या महिन्यांनी अण्णा मुलांशी भांडत होते. शेवटी मुक्काम आठवड्याचा ठरला, रोज संध्याकाळी फोन, आणि गोळ्यांचा डबा अण्णांच्याच पिशवीत.