बसचालक म्हणून जर्मनीला यावं का? लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एसटीत चालक आहात, घरी बायको आणि पहिलीतली मुलगी. महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये माणसं पाठवायचा करार झाला, त्यात चालकही हवेत म्हणून जर्मनचा क्लास लावलाय. पण अमेरिकेतल्या बिनचालकाच्या टॅक्सीचे व्हिडिओ बघून पोटात गोळा आलाय. घरदार मोडून जायचं आणि दहा वर्षांत गाडीनेच म्हणायचं, उतर खाली. तेव्हा यावं की नाही?

मी जर्मनीतल्या त्याच राज्यात बस चालवतो. बायको नर्स आहे, तिच्यामागून आलो. तेव्हा करारबिरार काही नव्हता. व्हिसा, पगार, जर्मनची कुठली पातळी लागते, हे सगळं सरकारी पानांवर आहे, ते परत उगाळत नाही. खरं तर दोन ओळींत उत्तर देऊन झोपणार होतो. पण तुमचा प्रश्न डोक्यातून जाईना.

व्हिडिओ खरे आहेत. फिनिक्समध्ये वेमो कंपनीच्या टॅक्सी २०२० पासून पुढे कोणी न बसता सामान्य लोकांना नेतायत. पण त्याच अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ मध्ये जनरल मोटर्सच्या क्रूझ या कंपनीच्या बिनचालकाच्या गाडीने सॅन फ्रान्सिस्कोत एका पादचारी बाईला फरफटत नेलं, कॅलिफोर्नियाने परवाना थांबवला आणि पुढच्या वर्षअखेरीस जनरल मोटर्सने तो टॅक्सीचा धंदाच गुंडाळला. टेक्ससमध्ये ऑरोरा कंपनीने २०२५ मध्ये डॅलस ते ह्यूस्टन चालकाविना मालट्रक सोडले, आणि थोड्याच दिवसांत ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या सांगण्यावरून पुढच्या सीटवर माणूस परत बसवला, नुसता बघायला. हे व्हिडिओत येत नाही.

जर्मनीची चाल याहून संथ. इथे २०२१ मध्येच कायदा झाला, ठरवून दिलेल्या भागात चालकाविना गाडी चालवता येते. कागदावर सगळ्यांच्या पुढे. रस्त्यावर म्हणाल, तर बव्हेरियात बाड बिर्नबाख नावाच्या छोट्या गावात २०१७ पासून एक इवलीशी बस आपापली धावायला लागली. सायकलवाला सहज मागे टाकेल असा वेग आणि आत एक माणूस कायम हजर. दार्मश्टाट आणि ओफेनबाखमध्ये रेल्वे आणि तिथल्या वाहतूक मंडळाने २०२५ मध्ये स्वयंचलित गाड्यांत प्रवासी बसवून चाचण्या घेतल्या, तिथेही स्टिअरिंगमागे माणूस. न्यूर्नबर्गची मेट्रो मात्र खरोखर बिनचालकाची आहे, यू-३ मार्ग २००८ पासून आणि यू-२ हा २०१० पासून. पण मेट्रोला तिचा स्वतःचा रूळ असतो. तिच्यापुढे शाळा सुटल्यावर मोबाईलमध्ये डोकं घालून कोणी रस्त्यावर उतरत नाही.

आणि इकडे वाहतूक संघटनांच्या हिशेबाने आजच वीसेक हजार बसचालक कमी आहेत. आमच्या डेपोच्या चहाच्या खोलीत सकाळी बसलं तर दिसतात ती बहुतेक पांढरी डोकी. ती माणसं निवृत्त होणार आणि त्यांच्या जागी यायला इथल्या पोरांना हौस नाही. तेव्हा यंत्र येऊन तुमची नोकरी खाईल ही भीती मी तुमच्या जागी असतो तर यादीत बरीच खाली टाकली असती.

तिकडे गडकरींनी २०१७ मध्येच सांगून टाकलं होतं की चालकांच्या नोकऱ्या जातील अशा बिनचालकाच्या गाड्या देशात येऊ देणार नाही. म्हणजे यंत्राचाच प्रश्न असेल तर तुमची एसटीची सीट जास्त सुरक्षित आहे. पगाराचं तुम्ही जाणता.

यादीत वर काय टाकाल? कागद. तुमचं भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं, मग लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. लेखी परीक्षा बऱ्याच परकीय भाषांत देता येते, तुर्की आहे, अरबी आहे. हिंदी नाही, मराठीचं तर नावच नको. बससाठी वेगळा वर्ग, त्याआधी डोळे, डॉक्टर, प्रथमोपचाराचा कोर्स, पोलिसांचा दाखला आणि एका पडद्यासमोर बसून दिवे लागतील तशी बटणं दाबायची चाचणी. त्याउपर व्यावसायिक चालकाची पात्रता: १४० तासांचं प्रशिक्षण आणि उद्योग-व्यापार चेंबरची परीक्षा, ती झाली की लायसन्सवर ९५ हा आकडा येतो. दर पाच वर्षांनी पुन्हा ३५ तास वर्गात.

हे सगळं एक वेळ समजतं. माझी गाडी अडली ती भलत्याच ठिकाणी. आपल्या स्मार्ट कार्डवर हेवीच्या जागी 'ट्रान्स' असं छापलेलं होतं. भाषांतर करणाऱ्या बाईंनी ते जसंच्या तसं ठेवलं. परवाना कार्यालयातल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, कार्ड दिव्याखाली धरलं आणि विचारलं, हा कोणता वर्ग? मी म्हटलं, ट्रक, बस, सगळं. तसं लिहून आणा. मग आरटीओचं पत्र, त्यावर शिक्का, त्याचं भाषांतर. पत्रावरची लायसन्सची तारीख पुस्तकी लायसन्सच्या काळातली आणि कार्डावरची नूतनीकरणाची, म्हणून पुन्हा फेरा. भाऊ तिकडे आरटीओच्या खिडकीवर आणि मी इकडे, दोघे फोनवर एकमेकांवर ओरडतोय. घाटात रात्री पावसात गाडी काढलेला माणूस, आणि त्याला गाडी येते हे सिद्ध करायला भावाला रजा टाकावी लागते! तेव्हा निघायच्या आधी आरटीओकडून पहिल्या दिवसापासूनचा पूर्ण तपशील, प्रत्येक वर्ग अक्षरी लिहून, सहीशिक्क्यासकट घ्या. एसटीकडून सेवेचा दाखलाही. बॅज जमा करायला लावतील तर त्याची पोच सोडू नका.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. तुमच्या गाडीत कंडक्टर आहे. इथे नाही. पश्चिम जर्मनीत साठ-सत्तरच्या दशकांत बसमधून कंडक्टर गेले, काही काम तिकिटाच्या यंत्राकडे गेलं आणि उरलेलं चालकाच्या अंगावर आलं. तिकीट मी देतो, सुट्टे मी मोजतो, चुकीच्या दिशेला चढलेल्या आजीबाईंना मीच समजावतो. व्हीलचेअर आली की गाडी फूटपाथकडे झुकवायची, हँडब्रेक लावायचा, मधल्या दाराशी जायचं. तिथे जमिनीतच बसवलेली फळी असते, खाचेत बोट घालून वर ओढायची आणि बाहेर उलटवायची. जानेवारीत ती खाच अशी गारठलेली असते की हातमोज्यातूनही बोट बधिर होतं. खुर्ची आत घ्यायची, पाठ गादीला टेकवायची, ब्रेक लागलाय का बघायचं, फळी परत मिटायची. सीटवर येईपर्यंत समोरच्या पडद्यावर उशिराची मिनिटं चढलेली असतात आणि मागून कोणीतरी सुस्कारा टाकतं.

यंत्र शिकेल ते स्टिअरिंग. फळीचं आणि आजीबाईंचं काम कोणावर तरी पडणारच, आणि मला वाटतं ते कमी पगाराच्या, गणवेश नसलेल्या कोणावर तरी पडेल. साहेब लोक म्हणतात, घाबरू नका, उद्या तुम्ही कंट्रोल रूममध्ये बसाल, पडद्यावर गाड्या बघाल. मी तो कायदा काढून वाचला. चालकाविना गाडीवर लांबून लक्ष ठेवणारा माणूस हवाच, असं त्यात आहे. संकटात गाडी थांबवायची, अडली तर पुढची हालचाल मंजूर करायची, हे त्याचं काम. पण २०२२ च्या नियमावलीत त्याची पात्रताही लिहिलीय: अभियांत्रिकीची पदवी, नाहीतर सरकारमान्य तंत्रज्ञाची परीक्षा, तीही यंत्र, वाहन, वीज अशा शाखांतली. गर्दीत, धुक्यात, बर्फात वर्षानुवर्षं बस हाकल्याचा अनुभव तिथे पुरेसा नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. यंत्र तुम्हाला खाली उतरवणार नाही, निदान लवकर नाही. पण यायचं तर स्टिअरिंगवरच थांबायचं नाही असं आधी ठरवून या. तंत्रज्ञाचा अभ्यास नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांत साधारण चार वर्षांचा असतो. आपला आयटीआय असेल तर त्याची मान्यता घ्या, त्याचे कागद वेगळे. माझा डिझेल मेकॅनिकचा आहे. फॉर्म डाउनलोड करून ठेवलाय, भरलेला नाही. संध्याकाळची ड्युटी, वय, भाषा, कारणं भरपूर आहेत आणि सगळी खरी आहेत. बायको आधी विचारायची, आता विचारत नाही.

मुलीचं तुम्ही एका ओळीत उरकलंत. माझ्या लेखी खरा प्रश्न तोच. इथे चौथीनंतर वाटा फुटतात, ग्युम्नाझियम ही विद्यापीठाकडे नेणारी शाळा, रेआलशूल ही दहावीपर्यंतची मधली, आणि कोणी कुठल्या शाळेत जावं याची शिफारस शाळा करते. माझी मुलगी आली तेव्हा भाषा येत नाही म्हणून आधी तयारीच्या वर्गात, मग नेहमीच्या. गणितात वर्गात पुढे. चौथीला बाईंनी भेटायला बोलावलं, मी ड्युटीवरून सरळ गेलो, गणवेशातच, आणि त्या लहान मुलांच्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसलो. बाई गोड बोलल्या. मुलगी कष्टाळू आहे, हाताने कामं छान करते, तिच्यासाठी रेआलशूल योग्य. ग्युम्नाझियमचा ताण कशाला? माझ्या खांद्यावरच्या कंपनीच्या पट्टीकडे त्यांनी पाहिलं असं मला वाटलं. माझा संशयही असेल. गेलेला नाही.

रेआलशूल वाईट नाही, तिथून पुढे चढता येतं, मुलगी मजेत आहे. पण दहा वर्षांच्या पोरीला व्याकरणाच्या चुकांवरून हातकामाकडे वळवायचं, आणि त्याच देशाने ठरवायचं की उद्याच्या गाडीजवळ इंजिनियरच लागेल! हे मी कोणाशी बोलतही नाही, कारण जर्मनमध्ये मला ते नीट मांडता येत नाही आणि मराठीत बायको म्हणते, पुरे आता. आता तर या राज्यात नियम आणखी आवळलेत: ग्युम्नाझियमसाठी शिक्षकांची शिफारस, 'कोम्पास ४' नावाची परीक्षा आणि पालकांची इच्छा, या तिनांपैकी दोन जुळायला हव्यात, नाहीतर आणखी एक चाचणी. तुमची मुलगी पहिलीत आहे. येणार असाल तर लवकर या आणि तिला बरोबरच आणा. आधी मी सेटल होतो, मग दोन-तीन वर्षांनी बोलावतो, हा बेत पैशाच्या दृष्टीने शहाणपणाचा वाटतो. मुलीला तो फार महागात पडेल.

एकटेपणाचं म्हणाल तर असतो. सवय होते, मराठी मंडळं आहेत, फोन आहे. सकाळ-संध्याकाळ तुटलेली ड्युटी लागली की मधले चार तास मी घरी न जाता डेपोतच काढतो, एवढं सांगतो आणि पुढे जातो.

शेवटचं, कामाचं. बसच्या लायसन्सचा आणि प्रशिक्षणाचा खर्च पुष्कळदा कंपनी करते आणि त्या बदल्यात तुम्हाला बांधून घेते. सही करण्याआधी विचारा: किती महिने बांधणार, मधेच सोडलं तर किती परत मागणार, ती रक्कम महिन्यागणिक कमी होत जाते का, आणि परीक्षेत नापास झालो तर खर्च कोणाच्या अंगावर. उत्तरं लेखी घ्या, एजंटाच्या तोंडी नकोत. कराराचा मसुदा आला की नाव-पत्ता झाकून मला पाठवा. मी वाचीन आणि बायकोलाही दाखवीन. असलं जर्मन तिला माझ्याहून चांगलं कळतं. रात्रपाळी नसेल तर दोन दिवसांत उत्तर देऊ.