सोसणारी भगवंती आणि शेवटची पाऊण मिनिटं

प्रश्न : दूरदर्शनवरच्या ‘हम लोग’ मालिकेत प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन बोलायचे. ते कशासाठी? आताच्या मालिकांत असं कुणी का बोलत नाही?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : दादामुनींची, म्हणजे अशोक कुमारांची, ‘छन्न पकैया’ची तुकबंदी सुरू झाली की आमच्या चाळीतल्या टीव्हीवाल्या खोलीत दाराशी उभी असलेली पोरंसुद्धा गप्प व्हायची.

माहिती व नभोवाणी मंत्री असताना आपले विदर्भातले वसंत साठे मेक्सिकोला गेले होते. तिथले मालिका-निर्माते मिगेल साबिदो कुटुंबनियोजनासारखे विषय मालिकांतून घरोघरी पोचवत होते. आपल्याकडेही तसं करायचं ठरलं. मनोहर श्याम जोशींनी लेखन केलं आणि ७ जुलै १९८४ला ‘हम लोग’ सुरू झाली. पण पहिल्या तेरा भागांत उपदेश जास्त झाला, लोक कंटाळले. मग कुटुंबनियोजन मागे पडलं. घरातला बाप बसेसर राम याची दारू, थोरल्या मुलीचं, बडकीचं लग्न, घरातली बाईची किंमत हे पुढे आलं. त्यातून काय घ्यायचं, ते अशोक कुमार शेवटच्या अर्ध्या-पाऊण मिनिटात सांगायचे, प्रेक्षकांच्या पत्रांचा हवाला देत. १५६ भागांच्या काळात अशी लाखो पत्रं आली.

मी सोळा वर्षं मालिकांचे संवाद लिहिते आहे. आता ती शेवटची मिनिटं हुक पॉइंटची, म्हणजे उत्सुकता ताणून ठेवणाऱ्या प्रसंगाची, आणि उद्याच्या झलकीची. पत्रांच्या जागी गुरुवारी रेटिंग येतं. आकडा पडला की कथेचा ट्रॅक बदलायचा. प्रेक्षक नेमका कशावर नाराज झाला, ते त्या आकड्यात नसतं, आणि मला तेच हवं असतं.

अर्थात, समजावून सांगूनही सगळं पोचायचं असं नाही. सगळं मुकाट सोसणारी भगवंती, बसेसरची बायको, लेखकाने ‘असं राहू नका’ म्हणून उभी केली होती. कितीतरी बायकांना मात्र ती आदर्श वाटली. माझी आई मेथी निवडता निवडता पदराने डोळे पुसायची आणि म्हणायची, “सोसावं तर हिच्यासारखं.” तेव्हा आमच्या घरात रोज काय चाललं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून सोसणारी सून लिहायची वेळ आली की मी तिच्या तोंडी एक तरी उलट उत्तर घालते. कधी कधी चॅनेलकडून ते कापून येतं. पुढच्या भागात मी पुन्हा लिहिते.